सातबाऱ्याचा डिसेंबर

एक्सेलच्या कोऱ्या खान्यात इंग्रजी अंकांत ७/१२ टाइप करून एंटर दाबा. सातबारा जातो आणि ७ डिसेंबर येतो. गट नंबर १२/३ लिहिला की १२ मार्च होतो. संगणकाची मांडणी अमेरिकन तारखांची असेल तर तोच ३ डिसेंबर. ११२/२ हा नंबर कुठल्याच तारखेत बसत नाही, म्हणून तो निमूट मजकूर राहतो. एकाच रकान्यात अर्ध्या जमिनी गटावर आणि अर्ध्या कॅलेंडरवर. पुढे कोणाच्या लक्षात येऊन त्याने रकाना ‘टेक्स्ट’ केला, तर २०२५ साली भरलेल्या सातबाऱ्याच्या जागी ४५९९८ हा आकडा उरतो, कारण एक्सेल तारीख म्हणजे १९०० सालापासूनच्या दिवसांची मोजणी साठवते. जनुकशास्त्रज्ञांनाही याच खोडीने वर्षानुवर्षे छळले. शेवटी २०२० मध्ये त्यांच्या नामकरण समितीने मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी जनुकांची नावेच बदलून टाकली. नगर जिल्ह्यातल्या अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या गटांना अशी सोय कोण देणार?

विश्लेषणाआधी डेटा नीट करण्याच्या कामात विश्लेषकाचा ऐंशी टक्के वेळ जातो, असे सर्रास सांगितले जाते. २०१६ च्या क्राउडफ्लॉवर कंपनीच्या पाहणीत साफसफाई आणि मांडणीला ६० टक्के, डेटा गोळा करायला १९ टक्के असे उत्तर आले होते. बेरीज ऐंशीच्या घरात जाते खरी. पण वेळेची ही तक्रार मला दुय्यम वाटते. या वेळात शेकडो बारीक निर्णय होतात: ही दोन नावे एकाच माणसाची, हा भाव चुकीचा, ही रिकामी जागा म्हणजे शून्य. शेवटच्या आलेखात त्यांतला एकही दिसत नाही. म्हणून सॉफ्टवेअर किती झटपट साफ करते हे मी शेवटी पाहतो. त्याने काय बदलले आणि मूळ नोंद कुठे आहे, हे ते सांगते का, ते आधी.

नगर जिल्हा या प्रश्नासाठी मुद्दाम घडवल्यासारखा आहे. सुरुवात नावापासूनच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगरवरचा सतरावा खंड १८८४ चा. त्यात आणि २०११ च्या जनगणनेत रोमन स्पेलिंगच्या मधल्या अक्षराला ‘ए’, तर राज्याच्या बहुतेक कागदपत्रांत ‘ई’. मराठीत अहमदनगर, बोलण्यात नुसते नगर, आणि २०२४ पासून अहिल्यानगर. आता समजा कोणी उत्साहाने ‘शोधा आणि बदला’ची खिडकी उघडली आणि ‘नगर’च्या जागी ‘अहिल्यानगर’ घातले. जुन्या नोंदी ‘अहमदअहिल्यानगर’ होतात, उल्हासनगरचे ‘उल्हासअहिल्यानगर’ होते आणि राज्यातली प्रत्येक नगर परिषद ‘अहिल्यानगर परिषद’ बनते. हे टाळायचा रस्ता जुना आणि कंटाळवाणा आहे: नाव आहे तसे ठेवायचे आणि शेजारी संकेतांकाचा नवा रकाना काढायचा. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२२ आहे. नाव कितीदाही बदलो, त्या जनगणनेतला ५२२ तसाच राहतो.

संकेतांक निवडतानाही भान हवे. पिनकोड सोपा वाटतो, पण त्याच्या आधारे जिल्हा ठरवायला जाल तर फसाल. नगर शहर ४१४ ने सुरू होते. संगमनेर आणि अकोले नाशिकसारखे ४२२ ने, कोपरगाव आणि शिर्डी ४२३ ने, श्रीरामपूर सोलापूरसारखे ४१३ ने. टपाल खात्याने आखणी टपालाच्या वाटांनी केली, महसुलाच्या हद्दींनी नाही. गाडीच्या नंबरवरून जावे तर नगरला एमएच १६ आणि श्रीरामपूरला एमएच १७, म्हणजे एका जिल्ह्याला दोन. कामाचा संकेतांक पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावाशेजारी तो छापण्याचा निर्णय झाला. त्या बदलाची बातमी फारशी गाजली नाही, पण डेटाशी झगडणाऱ्यांसाठी त्या वर्षातली ती मोठी सुधारणा होती.

कारण गावांची नावे. कर्जत नगर जिल्ह्यात आहे आणि रायगडातही. नुसत्या तालुक्याच्या नावावर दोन तक्ते जोडले की घाटाखालचा धो-धो पाऊस आपल्या अवर्षणग्रस्त कर्जतच्या खात्यात जमा होतो. पिंपळगावे तर मोजावीत तेवढी थोडी: नगर तालुक्यात माळवी आणि उज्जैनी, पारनेरला रोठा, श्रीगोंद्याला पिसा, पाथर्डीला टप्पा, अकोल्याला खांड. सगळ्यांत गमतीचा गोंधळ प्रसिद्ध गावांचा. राळेगण सिद्धी सगळ्यांना माहीत. पारनेरमध्येच राळेगण थेरपाळ आहे आणि नगर तालुक्यात राळेगण म्हसोबा. हिवरे बाजार माहीत. हिवरे झरे आणि हिवरे कोरडा कोणाला? जवळपासची नावे जुळवणारे सॉफ्टवेअर अपुऱ्या ‘हिवरे’ला हमखास बाजारात नेऊन बसवते. अशाने आदर्श गावाची आकडेवारी भलत्याच गावांच्या नोंदींनी फुगते, आणि नाव ओळखीचे असल्यामुळे कोणालाच संशय येत नाही. एरवी निरुपद्रवी वाटणारी ‘बु.’ आणि ‘खु.’ ही अक्षरे तर डेटा भरणारा घाईत खाऊनच टाकतो, आणि लोणी बुद्रुक व लोणी खुर्द एक होतात.

लिपीचा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण डेटा साफ करणाऱ्या साधनांवरच्या पुस्तकांत तो सापडत नाही. ही साधने मूळची रोमन लिपीसाठी बांधलेली. पायथनमध्ये मजकूर साफ करताना पहिल्याच धड्यात एक ओळ शिकवतात: अक्षर, अंक आणि मोकळी जागा सोडून बाकी सगळी ‘विशेष चिन्हे’ उडवा. इंग्रजीत स्वल्पविराम आणि कंस उडतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडणारे चिन्हही उडते, कारण पायथनच्या नेहमीच्या शोध-नियमांत ती ‘अक्षरे’ धरलेली नाहीत. राहुरीचे ‘रहर’, पारनेरचे ‘परनर’, संगमनेरचे ‘सगमनर’. अकोलेची ‘अकल’ होते आणि नेवासाचा ‘नवस’. या तडाख्यातून नगर तालुका तेवढा सुखरूप सुटतो. शहरातल्या एखाद्या नमुन्यावर चाचणी करणाऱ्याला म्हणूनच काही चुकल्याचे कळत नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्याचे नाव’ या साध्या शीर्षकातला तो अर्धा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक वेगळ्या ‘ऱ’ने, दुसरा साध्या ‘र’ला पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचे प्रमाणीकरण लावले तरी ते एक होत नाहीत. ‘ॲ’चेही तसेच, एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर वेगळी चंद्रकोर आहे. दोन तालुक्यांच्या फायली जोडल्या आणि शेतकऱ्याच्या नावाचे दोन रकाने निघाले, एक अर्धा भरलेला आणि दुसरा उरलेला अर्धा, तर कारण बहुधा हेच असते. त्याहून जुन्या फायलींचा मामला वेगळा. श्रीलिपी किंवा कृतिदेवात टाइप केलेली यादी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसते. तिच्यासाठी रूपांतरक आहेत, पण जोडाक्षरांवर नजर ठेवावीच लागते.

आकड्यांचा घोळ लिपीपेक्षा सोपा वाटतो आणि जास्त महाग पडतो. दोन एकर वीस गुंठे हे आपण सवयीने २.२० लिहितो. गुंठे चाळीसचे असतात, त्यामुळे ते खरे तर अडीच एकर; सॉफ्टवेअर मात्र ते दोन दशांश दोन समजते. दोन भावांच्या १.२५ आणि १.२५ अशा वाटण्या असतील तर एक्सेल बेरीज २.५० करेल, गावातले कोणीही ती तीन एकर दहा गुंठे सांगेल. हेक्टर-आरमध्ये शंभरचा हिशेब असल्याने हा धोका कमी, तरी एक हेक्टर पाच आर हे १.०५ ऐवजी १.५ लिहिणारे कमी नाहीत. यावर कुठलेही हुशार साधन चालत नाही. पूर्णांक आणि अपूर्णांक दोन वेगळ्या रकान्यांत तोडायचे, एककाचा तिसरा रकाना करायचा आणि मूळ लिखाण चौथ्यात जपायचे.

कांद्याच्या बाजाराचे आकडे घ्या. केंद्राच्या ॲगमार्कनेटवर आवक टनांत, राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर क्विंटलमध्ये, आणि काही बाजारांत बोलण्यातला भाव दहा किलोचा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. सर्वसाधारण दर या दोघांच्या मध्ये नसेल तर नोंद चुकलेली आहे, ही तपासणी एका ओळीच्या सूत्रात होते आणि बरेच काही पकडते. मात्र पुढची पायरी फसवी. पाठ्यपुस्तक सांगते, सरासरीपासून फार दूर गेलेले आकडे वगळा. कांद्यात हा नियम लावला तर इतिहासच वगळला जाईल. २०१९ च्या डिसेंबरात राज्यातल्या काही बाजारांत भाव क्विंटलला दहा हजारांच्या पार गेले. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी जाहीर झाली आणि भाव कोसळले. यंत्राच्या नजरेत या दोन्ही वेळा संशयास्पद, शेतकऱ्याच्या आयुष्यात त्याच खऱ्या. रिकाम्या तारखांचेही तसेच. लिलाव ठरावीक वारीच होतात, अमावास्येला बंद ठेवायची कांदा बाजारातली जुनी रीत होती. त्या दिवशी भाव नव्हताच. आदल्या आणि नंतरच्या दिवसाची सरासरी काढून ती जागा भरणारे सॉफ्टवेअर न झालेला लिलाव लावते.

रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक पावसाच्या नोंदीत थेट पैशाला लागतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. त्यावर पंचनामे आणि मदत ठरते. हवामान केंद्राची बॅटरी संपली, नोंद आली नाही, आणि तक्ता नीट करणाऱ्याने रिकाम्या खान्यात शून्य भरले, तर त्या मंडळात कोरडा दिवस नोंदला जातो. शिवाय पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल रात्री पडलेला पाऊस आजच्या तारखेला लागतो. पिकाच्या नुकसानीची तारीख आणि पावसाची तारीख एक दिवसाने हुकते, आणि ‘जुळत नाही’ म्हणून खरी नोंद बाद होऊ शकते.

रिकाम्या जागेच्या या प्रश्नाचा उगम शेतातलाच आहे. प्रयोगातला एखादा वाफा गुरांनी खाल्ला किंवा पाण्यात गेला तर त्याचे उत्पन्न कसे धरायचे, याची रीत फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड प्रयोगक्षेत्रावरच्या कामातून मांडली. कृषी विद्यापीठांत ती आजही शिकवतात. तिच्यात एक शिस्त आहे: हरवलेला आकडा अंदाजाने भरलात तर भरलेल्या प्रत्येक वाफ्यामागे त्रुटीच्या हिशेबातली स्वातंत्र्याची मात्रा एकाने कमी करा. म्हणजे जे मोजले नाही, त्याच्या जोरावर खात्री वाढवू नका. आजच्या साधनांत एका शब्दाची आज्ञा हजारो खाने भरते आणि असा कुठलाच दंड लावत नाही. नव्वद वर्षांत आपण साधनांत पुढे आलो, या एका बाबतीत मागे गेलो, असे मला वाटते.

माणसांची नावे जुळवणे हे सर्वांत कठीण काम. १९१८ चे पेटंट असलेली साउंडेक्स पद्धत अजून अनेक डेटाबेसांत बसवलेली असते. ती नावाचे पहिले रोमन अक्षर कायम ठेवते, त्यामुळे ‘डी’ने लिहिलेला ज्ञानेश्वर आणि ‘जी’ने लिहिलेला ज्ञानेश्वर तिला कधीच एक वाटत नाहीत. दुसऱ्या टोकाला आदरार्थी शेपट्या कापणारे नियम. ते ‘साहेब’, ‘राव’, ‘बाई’ उडवतात. नगरच्या मातीत भाऊसाहेब, रावसाहेब, बाबासाहेब, अण्णासाहेब ही पाळण्यातली नावे आहेत. कापाकापीनंतर उरतात नुसते भाऊ, बाबा आणि अण्णा, आणि रावसाहेबांचे तर काहीच उरत नाही.

२०१७ च्या शेतकरी सन्मान योजनेत, म्हणजे दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीत, हे सगळे एकदम अंगावर आले. बँकांनी ६६ रकान्यांत माहिती भरायची होती, शेतकऱ्यांनी वेगळे ऑनलाइन अर्ज केले होते, आणि दोन्ही आधार क्रमांकावर जुळवायचे होते. एकच आधार क्रमांक अनेकांच्या नावापुढे निघाल्याच्या बातम्या आल्या. जुळलेल्यांच्या हिरव्या आणि अडकलेल्यांच्या पिवळ्या याद्या झाल्या. पुढच्या, महात्मा फुले यांच्या नावाच्या योजनेत क्रम बदलला. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती राज्यातल्या ६८ गावांतल्या १५,३५८ खात्यांची. नगर जिल्ह्यातून राहुरी तालुक्यातले ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातले जखणगाव त्यात होते. शेतकऱ्याने अंगठा लावायचा, स्वतःच्या खात्यावरची रक्कम पाहायची, पटली तर होकार द्यायचा, नाही पटली तर जिल्हा समितीकडे तक्रार करायची. जुळणीचे सूत्र तेव्हाही चुकत असणार. पण प्रत्येक ओळ शेवटी जिची होती त्या माणसासमोर गेली.

साधनांबद्दल थोडक्यात. एक्सेल टाळता येणार नाही, कारण प्रत्येक कार्यालयात माहिती त्यातच येते. पण त्यात मूळ खान्यावरच लिहिले जाते आणि काय पुसले याचा माग राहत नाही. जुन्या एक्सेल फायलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. याच मर्यादेने ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी मोजणीतून जवळजवळ १६ हजार कोविड रुग्ण गळाले होते. एक्सेलमध्येच दडलेले पॉवर क्वेरी त्या मानाने खूप शहाणे आहे: मूळ फाइल तशीच राहते, प्रत्येक पायरी बाजूला यादीत लिहिली जाते, पुढच्या महिन्याची फाइल त्याच पायऱ्यांतून जाते. कार्यालयात काम करणाऱ्याने एकच गोष्ट शिकायची तर ही शिकावी.

नावांच्या गोंधळासाठी ओपनरिफाइनला तोड नाही. २०१० मध्ये ते फ्रीबेस ग्रिडवर्क्स म्हणून निघाले, मग गूगल रिफाइन झाले, २०१२ मध्ये ओपनरिफाइन; मुक्त आहे आणि फुकट. सारखी दिसणारी नावे ते गटागटाने समोर ठेवते आणि एक करायची का हे विचारते. त्याचा हा प्रश्न विचारण्याचा स्वभावच मला आवडतो. शिवाय सगळा इतिहास फाइल म्हणून काढून दुसऱ्याला देता येतो. पायथनमधले पांडास आणि ‘आर’ या संगणक-भाषेतली साधने लाखो ओळींसाठी. तिथे लिहिलेली प्रत्येक आज्ञा हाच पुरावा, फक्त ती मराठी मात्रा खात नाही ना, हे आधी दहा गावांच्या नावांवर तपासावे, आणि त्या दहांत नगर नसावे.

आता चॅटबॉटला फाइल देऊन ‘साफ कर’ म्हणणारे वाढले आहेत. नियम लिहून घ्यायला तो उत्तम मदतनीस आहे. थेट डेटा बदलायला दिला तर तो न विचारता खांडचे खंड करतो आणि कुठे केले ते सांगत नाही. आणि त्या फायलीत आधार क्रमांक, खाते क्रमांक असतील तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, हे अपलोड करण्याआधी आठवलेले बरे.

या साऱ्या साधनांत मी पहिला मान ज्याला देईन ते सॉफ्टवेअर नाही. २०१७ मध्ये राज्याने संगणकीकृत सातबारे छापून गावोगाव चावडी वाचन केले. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या आसपास. तलाठ्याने खातेदाराचे नाव, क्षेत्र, बोजा मोठ्याने वाचायचे आणि बसलेल्यांनी हरकत घ्यायची. क्षेत्र आणि वाटे यांच्या बेरजा न जुळणारे सातबारे संगणक शोधू शकतो, ते त्याने शोधलेही. पण वारसाचे नाव राहिले आहे किंवा आणेवारी चुकली आहे, हे शेजारच्या बांधावरचाच सांगतो. हिवरे बाजारातही पाण्याचे तेच. पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि त्या वर्षीचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात. कोणत्या पिकाला पाणी परवडेल हे त्यावरून ठरत असल्याने पातळी खोटी लिहिण्यात कोणाचा फायदा नाही, आणि चुकली तर दुसऱ्याच दिवशी विहिरीवर जाऊन पाहता येते. डेटाचा वापर जिथे त्याच्या उगमापाशी होतो तिथे तो कमी घाण होतो, हा माझा अनुभवाने झालेला पक्षपात आहे.

पुढचे मोठे काम समोरच उभे आहे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि ती मोबाइल ॲपवर होणार आहे. तिच्यातले अहिल्यानगर २०११ च्या ५२२ शी जोडणे एका ओळीचे काम. त्यामागे मात्र १९९१ ची जनगणना आहे आणि तिच्यात राहाता तालुकाच नाही. शिर्डीचे आकडे त्या वेळी कोपरगावात होते. तीस-पस्तीस वर्षांची लोकसंख्या किंवा सिंचन तालुकावार मांडायचे तर गावनिहाय आकडे काढून जुन्या तालुक्यांच्या बेरजा नव्या हद्दींनी पुन्हा कराव्या लागतात. त्यासाठी कोणते गाव कोणत्या तालुक्यातून कुठे गेले याचा, संकेतांकांसह आणि बोलीतल्या नावांसह, एक तक्ता लागेल. हजार-दीड हजार ओळींचा तो तक्ता जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचा भूगोल विभाग एका वर्षात करू शकेल. त्या वेळच्या फेरबदलांचे कागद ज्यांच्या हातून गेले, ते तलाठी आणि मंडल अधिकारी आता निवृत्त आहेत. त्यांना आत्ताच विचारता येईल.